एल ओट्याचा कोपरा वाया जातो, नवीन करताना काय करावं?

आर्वीकडचा
घर विटांचं आहे, भिंती ९ इंची. पिलर नाहीत, स्लॅब भिंतींवरच आहे. जमीन काळी, आतमध्ये मुरमाचा भराव. स्वयंपाकघरातला जुना ओटा काढून एल आकाराचा नवा करतो आहे: पूर्वेच्या भिंतीला ९ फूट, दक्षिणेच्या भिंतीला ६ फूट, रुंदी २ फूट. दोन्ही भाग आग्नेयेच्या कोपऱ्यात मिळतात.

अडचण त्याच कोपऱ्याची आहे. खाली अर्धं अंग आत घातल्याशिवाय तिथलं काही निघत नाही, मग सामान तिथेच राहतं आणि मागे झुरळं, उंदीर. वर २ बाय २ फुटांत हात पोचत नाही. मिस्त्री म्हणतो विटांनी बुजवून टाकू. घरातले मोठे म्हणतात, आग्नेय आहे तर शेगडी तिरपी करून कोपऱ्यातच ठेवा. दक्षिणेच्या भिंतीपलीकडे धान्याची खोली आहे. जागा कामात येईल असं काही सुचवा जी.

दाराआड
पलीकडे धान्याची खोली आहे तर भिंत फोडून कोपरा तिकडून उघडा. इकडे ओटा, तिकडे कपाट. ज्वारी-तुरीचे डबे आरामात बसतात.

गवंडीकाम
दाराआड भाऊ, पिलरचं घर असतं तर हाच सल्ला सगळ्यात चांगला होता. इथे भिंतींवर स्लॅब आहे आणि खिडकी पडेल ती अगदी दोन भिंतींच्या सांध्याला लागून. भिंतीवरच्या घरात सांध्याजवळचा भाग कधीच पोखरायचा नाही, निदान २ फूट भिंत सलग राहिली पाहिजे. वाया जाणारा कोपराच २ फुटांचा आहे, म्हणजे भोकाला जागाच उरत नाही. काळ्या मातीत तर त्या जागेवरून तिरपी भेग स्लॅबपर्यंत जाते. हा विचार सोडा.

आता बुजवण्याचं. कोपरा वाया जातो तो खोल असतो म्हणून नाही, त्याचं तोंड बंद केलेलं असतं म्हणून. मिस्त्री लोक सवयीनं ओट्याच्या आतल्या कोनात, म्हणजे दोन्ही भाग समोरून मिळतात तिथेच, उभा कडप्पा लावतात. तो लागला की आत जायला एकच बाजू उरते आणि तीही अरुंद. तो उभा कडप्पा तिथे लावूच नका.

पहिला उभा कडप्पा पूर्वेच्या भागात दक्षिणेच्या भिंतीपासून ३९ इंचांवर घ्या. दुसरा दक्षिणेच्या भागात पूर्वेच्या भिंतीपासून ३९ इंचांवर. ओट्याची रुंदी २४ इंच गेली की दोन्हीकडे १५-१५ इंचांचं मोकळं तोंड मिळतं, मध्ये खांब नाही.

मग आतल्या कोनाला आधार कशाचा? ४० बाय ४० बाय ५ मिमीचा लोखंडी अँगल, दोन तुकडे, प्रत्येकी पावणेचार फूट. एक पूर्वेच्या भागाच्या समोरच्या कडेखालून सरळ जाऊन दक्षिणेच्या भिंतीत ४ इंच शिरतो. दुसरा दक्षिणेच्या भागाच्या कडेखालून जाऊन पूर्वेच्या भिंतीत ४ इंच शिरतो. दुसरी टोकं त्या दोन उभ्या कडप्प्यांवर. जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक सलग ठेवायचा, दुसरा कापून त्याला वेल्ड करायचा. लोक नुसता काटकोनी तुकडा कोनाखाली लावतात आणि तो भिंतीपर्यंत नेत नाहीत. मग कोन हवेत लोंबतो, जड पाटा नाहीतर भरलेलं मोठं पातेलं ठेवलं की तिथूनच दगड तडकतो. आधी रेड ऑक्साईडचे दोन हात, मग ऑइल पेंट. भिंतीत जाणारं टोकही रंगवा, ते पहिल्यांदा गंजतं.

खाली सव्वा इंची कडप्पा, वर १८ मिमी ग्रॅनाईट. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. कडप्प्यात दक्षिणेचा तुकडा पूर्ण ६ फुटांचा घ्या आणि पूर्वेचा ७ फुटांचा. ग्रॅनाईटमध्ये उलट: पूर्वेचा पूर्ण ९, दक्षिणेचा ४. सांधा सरळ ठेवा. फोटोफ्रेमसारखा ४५ अंशांचा तिरपा सांधा दिसायला बरा, पण त्याचं टोक पातळ असतं आणि उचलतानाच उडतं. सांध्यात पांढरं सिमेंट भरलं तर महिन्याभरात हळदीनं पिवळं पडतं. दगडाच्या रंगाचं एपॉक्सी भरा.

दगडाची मागची कड बसायला भिंतीला खाच दीड ते दोन इंच खोल. भिंतीची टाईल ओटा बसल्यावरच, दगडाच्या वर टेकवून. आधी टाईल आणि मग ओटा असं झालं की मागच्या फटीतून पाणी थेट कोपऱ्यात उतरतं. उतार २ फुटाला पाव इंच, सिंककडे. कोपरा सगळ्यात उंच राहिला पाहिजे.

चूल ते गॅस
शेगडी कोपऱ्यात तिरपी ठेवायची कल्पना घरातल्यांना प्रेमानं समजावून सोडून द्या. आतल्या कोनापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत ३४ इंच असतात. शेगडी पुढे घेतली तर मागे हात न पोचणारा त्रिकोण उरतो आणि त्यात फोडणीचं तेल साचतं. मागे ढकलली तर कढईचा दांडा भिंतीला अडतो आणि मागच्या बर्नरवरचं काढायला पेटत्या बर्नरवरून हात न्यावा लागतो.

आग्नेय म्हणजे नेमका कोपऱ्याचा बिंदू नाही, खोलीचा तो भाग. पूर्वेच्या भिंतीला, दक्षिणेच्या भिंतीपासून ३० इंच सोडून शेगडी सुरू करा. आतला कोन २४ इंचांवर आहे, म्हणजे उभं राहणाऱ्याच्या कोपराला ६ इंच मोकळे मिळतात. तीन बर्नरची शेगडी साधारण ३० इंच धरली तर ती ६० वर संपते. सिंक ईशान्येच्या टोकाला ८४ ते १०८ इंचांत. मध्ये २४ इंच कोरडी जागा राहते. तोंड पूर्वेला, अग्नी आग्नेयेत, पाणी ईशान्येत. मोठ्यांचंही समाधान होतं आणि उजवीकडे वळलं की पोळपाट, चिराचिरी, मिक्सर यांना दक्षिणेचा अख्खा भाग मोकळा.

आणि कोपऱ्याखाली सिलेंडर ढकलू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली बंद जागेतच साचतो, आणि अशा वेळी रेग्युलेटर बंद करायला वाकून आत शिरायचं का? सिलेंडर शेगडी आणि सिंक यांच्या मधल्या खणात, १८ इंच रुंद, दार जाळीचं किंवा दारच नाही. शेगडी सिलेंडरपेक्षा वरच्या पातळीवर हवी. नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. दगडातल्या भोकाची कड घासून गोल करा, नाहीतर नळी तिथेच कापते.

कोपऱ्याच्या वर मिक्सर कायमचा ठेवता येतो. ओट्यापासून १० इंच उंचीवर दोन सॉकेट: मिक्सरला ६ अँपियर, इंडक्शनला १६ अँपियर वेगळ्या वायरवर. २००० वॅटची इंडक्शन साधारण पावणेनऊ अँपियर ओढते, ६ च्या सॉकेटला लावली की तो वितळतो.

आर्वीकडचा
३९ इंचांचा हिशेब लक्षात आला, मिस्त्रीला कागदावर काढून देतो. दोन गोष्टी अजून. कोपऱ्याला दार कसं करायचं, आणि प्लायवूड चालेल का? आमच्याकडे उधई फार आहे. शिवाय जुना ओटा भिंतीपासून सुटला होता, मागे बोटभर फट.

जाळीदार
प्लायवूड नको. उधई जमिनीतून विटेच्या सांध्यातून वर येते आणि कोपरा तिला सगळ्यात आवडतो: अंधार, ओल, कोणी हलवत नाही. आतले सगळे कप्पे कडप्प्याचेच करा, दाराला ॲल्युमिनियमची फ्रेम.

दार घडीचं. १५-१५ इंचांची दोन पानं, मध्ये एकमेकांना कोपऱ्याच्या बिजागरीनं जोडलेली. एक पान १७० अंशांच्या बिजागरीवर उभ्या कडप्प्याला. ओढलं की दोन्ही एकत्र बाजूला जातात आणि अख्खा कोपरा समोर उघडा. कडप्प्याला बिजागरी थेट बसत नाही, आधी ॲल्युमिनियमची चौकट ठोका. शेजारी ड्रॉवर करणार असाल तर दाराच्या मुठीला आपटू नये म्हणून ३ इंचांची पट्टी सोडा. हे विसरलं की ड्रॉवर अर्धाच उघडतो.

फिरती गोल ट्रॉली मिळते, पण दार-चौकटीच्या मापात बसवली की तिच्या चारही बाजूंची जागा जाते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यात तिचा खालचा खुंटा गंजून अडकतो. त्यापेक्षा साधं करा. ओटा ३३ इंच उंच धरा. खालचा कडप्पा जमिनीपासून ४ इंच वर, दगडाची जाडी अडीच इंच, आत उरले साडेसव्वीस. कप्पा खालून साडेपंधरा इंचांवर, पण पूर्ण रुंदीचा नको, मागच्या दोन भिंतींना धरून १२ इंची एलच पुरे. समोरून पाहताना मागचं सगळं दिसतं. १५ किलो तेलाचा डबा साधारण १४ इंच उंच, खाली बसतो. वरच्या १० इंचांत परात, सोऱ्या, क्वचित लागणारी भांडी. पापड-कुरडया मात्र या कोपऱ्यात नको, पावसाळ्यात ओल धरतात.

उंदरासाठी: दाराखालची फट अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी. पाइपाच्या भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट.

गवंडीकाम
बोटभर फटीचं कारण काळी माती. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते. भिंतीचा पाया खोल असतो, ओट्याचे पाय नुसत्या भरावावर. भराव खचला की ओटा एकटा खाली जातो. उभे कडप्पे फरशीवर टेकवू नका. त्या पट्ट्यात फरशी काढा, मुरूम पाणी मारून धुमसानं ठोका, वर ४ इंच काँक्रीट, मग पाय. मागच्या सांध्यात सिमेंटऐवजी सिलिकॉन भरा, थोडं हललं तरी ताणलं जातं. काँक्रीटला सात दिवस पाणी, त्याआधी दगड चढवू नका.

आणि कडप्पा कापायच्या आधी ३९ इंचांच्या दोन्ही खुणा खडूनं जमिनीवर आखा, ओट्याची रेघ ओढा, तेलाचा डबा प्रत्यक्ष आत सरकवून पहा. तोंड अरुंद वाटलं तर तेव्हाच २ इंच वाढवता येतं. अँगलही तेवढाच लांब घ्यावा लागेल.