मदत हवी आहे: क्लायंटने नेमलेला बाहेरचा सल्लागार आणि आपण, वेबसाइटच्या कामात शेवटचा शब्द कोणाचा?

नमस्कार मंडळी,

दादर पश्चिमेला आम्ही तिघी मिळून वेबसाइट बनवण्याचं काम करतो, सात वर्षं झाली. एक डिझाइन बघते, एक कोड, आणि क्लायंटशी बोलणं, हिशोब, पाठपुरावा माझ्याकडे. येत्या गुरुवारी दुपारी चारला एका क्लायंटकडे बैठक आहे. त्याआधी या धंद्यातल्या लोकांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते.

क्लायंट म्हणजे नागदेवी स्ट्रीटवरची जुनी पेढी. बेअरिंग, पंप, व्हॉल्व्ह आणि त्यांचे सुटे भाग. धंदा मालकांनी, म्हणजे काकांनी, उभा केला, आता त्यांचा मुलगाही बसतो. त्यांची जुनी साइट बारा वर्षांची होती, दिसायला ओबडधोबड, पण तिच्यावर सुमारे ६४० पानं होती आणि भागाचा नंबर गूगलवर टाकला की थेट ते पान यायचं. कारखान्यातला फिटर नंबरच शोधतो, नाव नाही. त्यामुळे दुकानात फोन येत राहायचे.

काम ठरलं १,८०,००० रुपयांना, जीएसटी वेगळा. ४० टक्के आगाऊ, ४० डिझाइन मंजूर झाल्यावर, २० साइट सुरू झाल्यापासून १५ दिवसांत. पहिले दोन हप्ते वेळेवर आले. काकांबद्दल माझी पैशाची तक्रार आजवर कधीच नव्हती.

डिझाइन मंजूर झाल्यावर मुलाने एक मार्केटिंग सल्लागार नेमला. त्याला दरमहा फी, आमच्याशी त्याचा कसलाच करार नाही. "तो सांगेल तसं करून घ्या," एवढाच निरोप मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मी अंगठा पाठवला. आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं, चुकले ते तिथेच. "तो सांगेल तसं" म्हणजे कुठपर्यंत, हे त्याच दिवशी विचारायला हवं होतं.

साइट सुरू व्हायला दहा दिवस राहिले असताना त्याने सगळ्या वर्गवाऱ्या बदलायला सांगितल्या, म्हणजे सगळ्या पानांचे पत्तेही बदलणार. माझ्या सहकारिणीने तिथल्या तिथे सांगितलं की प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावावं लागेल (जुना पत्ता उघडला की आपोआप नवं पान येतं, ती सोय), नाहीतर गूगलच्या लेखी जुनी पानं मेली. कोणतं जुनं पान कोणत्या नव्या पानावर न्यायचं, ती यादी तो देतो म्हणाला. यादी आली २१२ ओळींची. उरलेल्या ४२८ "नंतर". इकडे गोरेगावच्या नेस्कोमध्ये क्लायंटचा स्टॉल ठरलेला, कॅटलॉगवर क्यूआर कोड छापून झालेला. तारीख हलणं शक्य नव्हतं. आम्ही साइट सुरू केली. यादी अर्धवट आहे हे मी फोनवर बोलले, ईमेलने लिहून कळवलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सर्च कन्सोलमध्ये (गूगल शोधात साइट कशी दिसते हे दाखवणारं गूगलचं साधन) ४०४ची, म्हणजे 'पान सापडत नाही' या चुकीची, रांग लागली. दुकानातले फोन निम्म्यावर आले. एकोणिसाव्या दिवशी मुलाचा फोन: "सल्लागार म्हणतायत डेव्हलपरने गोंधळ घातला. शेवटचा हप्ता थांबवलाय." हप्ता ३६,००० रुपयांचा आहे.

आम्ही हात बांधून बसलो नाही. जुन्या सर्व्हरच्या नोंदी आणि सर्च कन्सोलमधून काढलेली पानांची यादी समोर ठेवून दोन दिवसांत उरलेले ४२८ रीडायरेक्ट लावले. ते करताना आणखी एक गोष्ट सापडली. सल्लागाराला पूर्ण अ‍ॅडमिन लॉगिन दिलेलं होतं आणि त्याने आमच्या एसईओ प्लगइनशिवाय (साइट गूगलवर नीट सापडावी म्हणून बसवलेली जोडणी) दुसरं एक टाकून ठेवलं होतं. दोन्ही चालू, त्यामुळे प्रत्येक पानावर वर्णनाचे टॅग दोनदोनदा, आणि काही पानांवर कॅनॉनिकल पत्ते (पानाचा मुख्य पत्ता कोणता, हे गूगलला सांगणारे) एकमेकांशी न जुळणारे. साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये 'संपादक' ही भूमिका असते, मजकूर बदलायला ती पुरते आणि तिच्यातून प्लगइन टाकता येत नाही. ती द्यायला हवी होती. मागितलं म्हणून अ‍ॅडमिन दिलं.

आकड्यांबद्दलही सांगते. सल्लागाराने जुलैशी तुलना करून दाखवली: तेव्हा चार आठवड्यांत २,१५० क्लिक, आता ९८०. म्हणजे निम्म्याहून जास्त घट. पण जून-जुलैत मुंबईत तळघरं आणि सोसायट्यांच्या टाक्या तुंबतात, पंप तेव्हाच खपतात, हे काकांना आमच्याहून जास्त माहीत आहे. सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, म्हणून मी मागच्या वर्षीचे हेच चार आठवडे काढले. तेव्हा १,४०० होते. म्हणजे खरी घट ३० टक्क्यांची. ती घट आहेच, आणि तिच्यातला आमचा वाटा मी नाकारत नाही. पण ५४ आणि ३० यांत फार अंतर आहे.

आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, आणि कसंही करून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. पूर्ण झालेलं काम क्लायंटच्या हाती दिल्यापासून १५ दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. इथे हरकत आली एकोणिसाव्या दिवशी, तीही तोंडी. कायदा बहुधा माझ्या बाजूचा आहे. पण ज्या काकांनी पहिल्या भेटीत चहा पाजून तासभर बेअरिंगचे प्रकार समजावून सांगितले, त्यांना थकलेल्या पैशांच्या सरकारी तक्रार पोर्टलवरून नोटीस पाठवायची माझी अजिबात इच्छा नाही.

बाहेरचे सल्लागार नकोत असं मला म्हणायचं नाही, म्हणून एक चांगला अनुभवही लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या साइटसाठी एक दृष्टिहीन तज्ज्ञ आले होते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम) लावून त्यांनी आमचा देणगीचा फॉर्म भरायला घेतला आणि तिसऱ्या रकान्यावर थांबले. आम्ही रकान्यांना लेबल न देता आत फिकट अक्षरांत सूचना लिहिल्या होत्या. "इथे मला फक्त 'एडिट' ऐकू येतंय. नाव लिहू की पॅन नंबर?" त्यांचा तो प्रश्न आम्ही तिघी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून आमचा एकही फॉर्म लेबलशिवाय जात नाही आणि अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, ४.५ ला १ च्या खाली नसतो. पण तिथे संस्थेच्या सचिवांनी पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं: फॉर्मबाबत यांचा शब्द अखेरचा, रंग आणि मांडणी तुमची, तारीख माझी. ते आले तेही डिझाइनच्या आधी. इथे यातलं काहीच झालं नाही.

तर माझे प्रश्न.

गुरुवारी सल्लागारही असणार आहेत. त्यांच्यासमोर २१२ आणि ४२८चा हिशोब काढावा, की आधी काकांना एकटं भेटून सांगावं? मला तो माणूस खोटा पाडायचा नाही, त्याला पुढेही तिथे काम करायचं आहे आणि आम्हालाही.

पुढच्या कामांसाठी करारात एखादं कलम घालता का? म्हणजे क्लायंटने मध्येच कोणी नेमला तर त्याच्या सूचना कोणी मंजूर करायच्या, त्यामुळे वाढलेले दिवस आणि पैसे कोणाच्या खात्यात. तुमच्या करारातली शब्दरचना इथे टाकलीत तर फार उपकार होतील.

आणि आपणच बाहेरून माणूस आणतो तेव्हा? वस्तूंची वर्णनं आम्ही एका लेखिकेकडून लिहून घेतली. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क लेखी करून घेतल्याशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. हे कळल्यावर तिच्याकडून पत्र घेतलं. तो हक्क क्लायंटला पुढे देताना वेगळं पत्र करता की मुख्य करारातच?

भर, बुधवार रात्र: ज्यांनी ज्यांनी लिहिलंत त्यांचे मनापासून आभार. काकांना आधी भेटावं असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. आज सकाळी मशीद स्टेशनला उतरून गेले. दुकान उघडत होतं. दोन वर्षांच्या आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि यादी अर्धवट असल्याचं मी लिहून कळवलं नव्हतं हेही सांगितलं. काकांनी जुलैच्या आकड्यावर बोट ठेवून मुलाला हाक मारली: "अरे, पावसाळा धरलाय यात."

पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उद्याच्या बैठकीनंतर तिघांनाही पाठवायचा ईमेल खाली देतेय. कोणाला शब्द कडक वाटले तर आज रात्रीच सांगा.

"पानांचे पत्ते, प्लगइन आणि सर्व्हर यांतले बदल यापुढे ईमेलवर काकांची मंजुरी आल्यावरच होतील. सूचना कोणाचीही असो, तिच्यामुळे काय बिघडू शकतं हे आम्ही दोन दिवसांत लेखी कळवू. सल्लागारांचं लॉगिन आजपासून 'संपादक' राहील. जुने ६४० पत्ते किमान वर्षभर रीडायरेक्ट राहतील, त्याची जबाबदारी आमची. उरलेल्या हप्त्याचं बिल सोबत जोडलं आहे."