जुनी मोठी सेडान: आल्टिस की ऑक्टाव्हिया? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

रंकाळाकाठ
मंडळी, अकरा वर्षं वॅगन आर चालवली. आता लेक पुण्याला शिकायला गेलीय, महिन्यातून दोनदा हायवे होतो. नव्या गाडीचं बजेट नाही, पण बूड टेकवायला ऐसपैस काहीतरी हवंय. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१६ ची कोरोला आल्टिस, १.८ पेट्रोल, मॅन्युअल, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचीच, एकच मालक. दुसरी २०१५ ची ऑक्टाव्हिया, २.० डिझेल ऑटोमॅटिक, एमएच १० म्हणजे सांगलीची, एजंटाकडे उभी आहे. बायकोचा जीव ऑक्टाव्हियाच्या डिकीवर जडलाय. काचेसकट अख्खं दार वर उघडतं, ५९० लिटर जागा, होस्टेलची गादी न दुमडता जाईल म्हणते. ज्यांनी अशा गाड्या जुन्या घेतल्यात त्यांनी लिहा. बरेवाईट सगळे अनुभव येऊ द्यात.

डॉक्टरीणबाई
आल्टिस आठ वर्षं आहे, पेट्रोलच. इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन असल्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च आला नाही. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बास. माझी सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक आहे. आंबा घाटात पाय दाबला की आधी आवाज येतो, गाडी मागनं येते. पण सीव्हीटीचं सगळीकडे तेच. तुमची मॅन्युअल आहे, सुटलात. २०२० पासून ही गाडी भारतात नवी मिळत नाही म्हणून घाबरू नका, सर्व्हिस व्यवस्थित होते.

मटणवार
एवढ्या पैशात नवी स्विफ्ट येते की हो!

रंकाळाकाठ
@मटणवार, येते. सासूबाईंचे गुडघे तीत मावत नाहीत.

शाहूपुरी दुसरी गल्ली
गिअरबॉक्सचं माझ्याकडनं ऐका. कंपनीचं नाव घेत नाही. सात गिअरचा, दोन क्लचचा, ड्राय क्लचवाला ऑटोमॅटिक होता. दाभोळकर कॉर्नरला संध्याकाळची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, आणि डॅशबोर्डवर पाना लुकलुकायला लागला. रिव्हर्स पडेना. मागं केएमटीची बस, पुढं रिक्षा. शेवटी चौघांनी ढकलून कडेला घेतली. बिल दीड लाखाच्या वर गेलं, बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तुमच्या २.० डिझेलला सहा गिअरचा येतो, त्याचे क्लच तेलात चालतात. तो दणकट, पण ६० हजार किलोमीटरला त्याचं तेल बदलावं लागतं. त्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेल बदललेलं नाही असंच समजा.

उद्यमनगरी
बावीस वर्षं गॅरेज हाय माझं. सगळी मॉडेलवर भांडाय लागलाय, मला आधी नंबरप्लेट दिसली. एमएच १०, २०१५ ची. म्हंजे २०१९ चा आणि २०२१ चा, दोन्ही पूर त्या गाडीनं बघितल्यात. सांगली काय, आपली शाहूपुरी काय, तळमजल्याच्या पार्किंगला किती गाड्या बुडल्या आठवतंय न्हवं? विमा कंपनीनं पूर्ण नुकसान धरून पैसे दिलं की तीच गाडी लिलावात जाती, कुणीतरी धुऊन-पुसून परत रस्त्यावर आणतंय. इंजिन धुता येतंय भावा, वायरिंग धुता येत न्हाई. दोन पावसाळं गेलं की कनेक्टर हिरवं पडतंय, मग एक दिवस काच खाली होत न्हाई, दुसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागतोय.
बघायचं कसं, तर सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचा. पॉलिश मारणारा तितक्या आत जात न्हाई. पुढची सीट मागं सारून रुळाचं बोल्ट बघ. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघ. आत अत्तर लई मारलं असलं तर काचा बंद करून गाडी उन्हात ठेव, मग दार उघड. ओल्या गोणपाटाचा वास लपत न्हाई.

पॉलिसीवाला
वरच्यांना जोड देतो. विम्याचा कागद मागा आणि नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची ओळ वाचा. मालक एकच, गाडी जुनी, आणि बोनस ०? म्हणजे आदल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा मध्येच तुटलाय. पाच वर्षं काही झालं नसेल तर ५० टक्के दिसायला हवेत. पुराच्या नंतरच्या वर्षाची पॉलिसी मिळाली तर उत्तम.

निपाणीचा जावई
कर्नाटकचा केए नंबर किंवा दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी कुणी दाखवली तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा. मी केला नव्हता.

रंकाळाकाठ
आज ऑक्टाव्हिया बघून आलो. चालवायला काय गाडी आहे हो! शिरोलीच्या पुढं हायवेला लागलो आणि तिथंच मनातनं विकत घेतली होती. परत आल्यावर उद्यमनगरींचं आठवलं. ड्रायव्हरचा पट्टा ओढला. बराच वेळ काळाकुळकुळीत. शेवटच्या वीतभरावर बशीत चहा वाळतो तशी तपकिरी कड. एजंट म्हणाला, "साहेब, पोरानं कॉफी सांडली असंल." शेजारचा पट्टा ओढला, तर तिथंही कड, त्याच उंचीला. मग तो काही बोलला नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणते, डिकी तर कोरडी होती ना?

उद्यमनगरी
स्टेपनीखाली बघितलं का?

रंकाळाकाठ
बघितलं. स्टेपनीच नव्हती.
आल्टिसकडे काल पुन्हा गेलो. मालक निवृत्त प्राध्यापक, सगळी बिलं भोकं पाडून फाईलला लावलेली. बोनस ५० टक्के. टायरवर ३२१८, म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा, चारही बदलावे लागतील, तेवढे कमी करायला तयार आहेत. अडचण एकच. कर्ज कधीच फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन घेणार नाही असं तेच म्हणाले. तोवर रविवारी जोतिबाच्या चढावर नेऊन बघा, म्हणून किल्ली दिलीय. काकूंनी येताना गुलाल आणायला सांगितलाय. सीटकव्हरं पांढरट आहेत, तेवढीच धास्ती.