चाक तुटलं म्हणून अख्खी बॅग टाकायची?

बाबांची १९८६ची मोल्डेड सूटकेस माळ्यावर अजून धडधाकट आहे. माझ्या चार वर्षांच्या ट्रॉलीचं एक चाक गेलं, तर दुकानदार म्हणतो सुटं मिळत नाही, नवीच घ्या. कवच शाबूत असताना? जीव तुटतो. नवी घेताना काय बघू?

उत्तर (नाशिक, प्लास्टिक मोल्डिंगमध्ये, म्हणजे साच्यात वस्तू घडवण्याच्या कामात १४ वर्षं): अस्तराची चेन उघडून बघा. चाक स्क्रूने बसवलेलं हवं. रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमची बसवलेली खीळ, ड्रिलनेच निघतं. कवच पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं घ्या, त्याची खूण त्रिकोणातला ५. ते वितळवून पुन्हा वापरता येतं. आमच्याकडे मोल्डिंगचे उरलेले तुकडे दळून परत मालात जातात. पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लास्टिक ७ मध्ये येतं, त्या ७ च्या खुणेत इतर प्लास्टिकंही असल्याने वेगळं करणं अवघड.

उत्तर: आधी जुनी वाचवा! चाकाचा व्यास आणि आसाची लांबी मोजून बॅग दुरुस्तीवाल्याकडे न्या.

प्रश्नकर्ता: मोजलं, ५० मिमी. रिव्हेटच आहे. शनिवारी ड्रिल घेऊन बसतो.