मदत हवी आहे: सिरॉसिस असताना हिपॅटायटिस ई

बाबांना जुना सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन कायमचं खराब होणं) आहे, औषधांवर बरं चाललं होतं. आता कावीळ झाली आणि आयजीएम तपासणीत (ताजा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) हिपॅटायटिस ई, म्हणजे लिव्हरचा विषाणू-संसर्ग, निघाला. एरवी हा बहुधा आपोआप बरा होतो, म्हणून नातेवाईक ‘उतरेल हो’ म्हणत जडीबुटी सुचवताहेत. ती मी साफ नाकारली. आधीच खराब लिव्हर यात अचानक निकामी होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दोन्ही चढताहेत, पोटात पाणी वाढलंय. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध द्यावं का, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. कुणाच्या घरी असं झालंय का? रिबाव्हिरिन दिलं असेल तर हिमोग्लोबिन किती उतरलं? आणि ट्रान्सप्लांट सेंटरला कधी हलवलंत, लिव्हरमुळे गुंगी यायच्या आधीच की नंतर? लवकर सांगा, प्लीज.