ग्वाल्हेर: किल्ला आणि जयविलास एका दिवसात होतात का? मदत हवी आहे

निघालोय
ग्वाल्हेरला दोन दिवस आहेत. किल्ला आणि जयविलास राजवाडा एका दिवसात होतात का, एवढंच हवंय. दुसऱ्या दिवशी बाकीचं शहर. नेटवर एक जण किल्ल्याला दोन तास पुरे म्हणतो, दुसरा अख्खा दिवस द्या म्हणतो. हॉटेल आज रात्रीच बुक करायचंय, तर शहराच्या कुठल्या भागात घ्यावं तेही सांगा. इथले जुने धागे चाळले, ते सगळे तिसऱ्या प्रतिसादात ओरछाला पोहोचतात. कृपया फक्त ग्वाल्हेर.

माळरान
कधी जाताय? सोबत कोण आहे? रेल्वेने की गाडीने? हे कळल्याशिवाय काय सांगणार? मे महिन्यात दुपारी किल्ल्यावर उभं राहवत नाही, थंडीत दिवसभर फिरता येतं.

झाशीकडची
फक्त ग्वाल्हेर म्हणालात तरी सांगतेच. दुसरा दिवस ओरछाला द्या. ग्वाल्हेर ते झाशी साधारण शंभर किलोमीटर, पुढे ओरछा अठरा. राजा महाल, जहांगीर महाल, बेतवेकाठच्या छत्र्या, आणि रामराजा मंदिर. तिथे राम राजा म्हणून पुजला जातो आणि पोलीस रोज मानवंदना देतात. वाटेत दतियाला बीरसिंह देवाचा सात मजली महाल आहे, तिथे गर्दीही नसते.

निघालोय
ओरछा नको, वर लिहिलंय. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. रेल्वेने. किल्ला आणि जयविलास, एक दिवस, हो की नाही?

पायवाट
हो. पण किल्ला पायीच चढा. पूर्वेकडून, गुजरी महालाजवळच्या ग्वाल्हेर दरवाज्यातून. गाडी पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने वर जाते आणि थेट माथ्यावर सोडते, म्हणजे किल्ला कसा राखला जायचा ते कळतच नाही. पूर्वेच्या चढावर एकामागून एक दरवाजे लागतात, शेवटी हाथी पोळ, आणि डोक्यावर मानमंदिर महालाची निळ्या फरशांची भिंत. खालून वर बघत गेलं तरच ती भिंत खरी दिसते.

माळरान
पायवाट, प्रत्येकाला चढायला लावू नका. उरवाईच्या वाटेवर डोंगरात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या. सर्वांत उंच सतरा मीटरच्या पुढे आहे. त्या चुकवून कुणी पूर्वेने का जावं?
निघालोय, सोबत कोण ते अजून सांगितलं नाहीत.

निघालोय
आई (७१, गेल्या वर्षी एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय), बायको आणि सातवीतली मुलगी. आई सपाटीवर व्यवस्थित चालते, पायऱ्या मोजक्याच. मुलीला किल्ल्यावर कोरलेलं ते जुनं शून्य बघायचंय, शाळेत त्यावर बोलायचंय तिला. शून्य मानमंदिराच्या आतच आहे ना?

माळरान
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

बखरवाचक
शून्य मानमंदिरात नाही. ते चतुर्भुज मंदिरात, इ. स. ८७६ च्या शिलालेखात आहे. मंदिर खडकात कोरलेलं, लहानसं, पूर्वेच्या त्याच पायी वाटेवर. देवळाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात, आणि रोजच्या पूजेला ५० माळा, असे आकडे त्यात आहेत. २७० आणि ५० या दोन्हींतलं शून्य आज आपण काढतो तसंच गोल आहे, फक्त बाकीच्या अंकांहून लहान. मुलीला सांगा, आधी २७० शोध. ओळ कुठली ते माहीत नसेल तर भिंतीसमोर उभं राहूनही काही दिसत नाही.

आणि राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला अवश्य जा, फुलबागेजवळ आहे. जून १८५८ मध्ये राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतलं तेव्हा जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले होते. त्यांच्या जयविलासची झुंबरं बघताना हे विसरू नये.

उंबरठा
मग महादजींनाही विसरू नका. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा दरारा पुन्हा उभा केला तो त्यांनीच. एका पिढीचा हिशेब आख्ख्या घराण्याच्या नावावर मांडू नये.

बखरवाचक
महादजींबद्दल दुमत नाहीच. मी १८५८ बद्दल बोलतोय. बंड मोडल्यावर किल्ला इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला तो थेट १८८६ पर्यंत, आणि परत दिला तेव्हा बदल्यात झाशी घेतली. जयविलास १८७४ चा. म्हणजे जयाजीराव खाली हा युरोपीय थाटाचा राजवाडा बांधत होते तेव्हा वर किल्ल्यावर इंग्रजांची फौज होती. दोन्ही वास्तू एकाच दिवशी बघणाऱ्याला एवढं तरी माहीत हवं.

उंबरठा
माहीत हवं हे मान्य. पण १८५८ मध्ये इंग्रजांकडे राहिलेले संस्थानिक ते एकटे नव्हते.

निघालोय
या विषयाला कृपया वेगळा धागा काढा. शून्य पायी वाटेवर असेल तर आईचं काय करू? आणि मुलीला तिथे न्यायचंच आहे.

सरोदवेडा
डिसेंबर म्हणजे तानसेन समारोहाचा महिना, तारखा आधी बघून घ्या. तो चुकला तरी हजिरा भागात तानसेनची समाधी आहेच, शेजारी सूफी संत मोहम्मद घौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या जाळ्या तासभर बघाव्यात अशा. समाधीजवळच्या चिंचेचा पाला गवई गळ्यासाठी चघळत आले आहेत. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य पलुस्कर यांनी ती घरोघरी नेली. मराठी माणसाने त्या गावात जाऊन फक्त राजवाडे बघून यावं याचं वाईट वाटतं. सरोद घरही बघा, सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराण्याचं संग्रहालय आहे.

गूळपोळी
मुरैन्याची गजक (तिळाची मिठाई) त्याच दिवसांत चांगली मिळते. पाव किलोच घ्या, ताजीच खायची असते.

पायवाट
आईंचा प्रश्न सुटतो. पायी चढा म्हणालो ते मागे घेतो, पायी उतरा. असं करा:

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा. सकाळी सगळे उरवाईने गाडीतून वर. वाटेत जैन मूर्तींपाशी थांबा. वर सासबहू मंदिरं आणि तेली का मंदिर दोन्हीकडे आईंना फारसं चढायला नाही, जोत्यावर जायचं नसेल तर बाहेरूनही उत्तम दिसतात. तेली का मंदिराचं शिखर साधारण तीस मीटर आहे, ते लांबूनच नीट दिसतं. मग मानमंदिर. आईंना वरच्या दोन चौकांतच थांबवा. तळघराचे जिने अरुंद आणि अंधारे आहेत, गुडघेवाल्यांनी उतरू नये. मोगलांनी खाली कैदी ठेवले होते. औरंगजेबाच्या भावाला, मुराद बक्षला, याच किल्ल्यावर ठेवून १६६१ मध्ये मारलं.

तिथून तुम्ही आणि मुलगी हाथी पोळातून पायी खाली. उताराच्या वाटेवरच चतुर्भुज मंदिर. आई आणि पत्नी गाडीने उरवाईमार्गे फिरून खाली ग्वाल्हेर दरवाज्यापाशी येतील. गाडीला शहराला वळसा घालावा लागतो, त्यामुळे तुम्ही शून्य निवांत बघा.

माळरान
हे पटलं. एक भर: खाली उतरल्यावर गुजरी महाल समोरच आहे. आत पुरातत्त्व संग्रहालय आहे, ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती तिथेच. सोमवारी बंद असतं. मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) हा महाल आपल्या राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला असं सांगतात. मानमंदिरही त्याचंच, म्हणजे एकाच राजाची वरची आणि खालची वास्तू लागोपाठ बघून होते.

निघालोय
शुक्रवारी रात्री पोहोचतोय, रविवारी रात्री परत. सोमवारची अडचण नाही. म्हणजे शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी जयविलास. जमेल?

माळरान
एकाच दिवसात बसतं, पण आईंसाठी बसवू नका. जयविलासमध्ये दालनांमागून दालनं आहेत आणि दरबार हॉल वरच्या मजल्यावर. जिना चुकत नाही, त्याचे कठडे काचेचे आहेत, आईंना धरायला तुमचा हात लागेल. वर प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं. छत ते वजन पेलेल का हे बघायला आधी हत्ती वर चढवले होते असं सांगतात. भोजनगृहात टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, ब्रँडी आणि सिगार पाहुण्यांपुढे नेणारी. मुलगी तिथून हलणार नाही. मराठ्यांच्या इतिहासाचं दालनही आहे. किल्ल्यावरून थकून आल्यावर हे सगळं बघायचं म्हणजे आईंना शिक्षा. रविवारी सकाळी ताज्या पायांनी जा. आठवड्यातून एक दिवस बंद असतो, वार त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

सरोदवेडा
मग शनिवारची संध्याकाळ मोकळी राहते. तानसेन समाधी.

बखरवाचक
रविवारी जयविलासनंतर राणीची समाधी. तिथे चढउतार नाही, आईंनाही येता येईल.

झाशीकडची
राणीचा किल्ला मात्र झाशीलाच आहे, एवढं नोंदवते. परतीची गाडी कुठली? दिल्लीकडून येणारी असेल तर डिसेंबरअखेर धुक्यात अडकते. फलाटावर आईंना घेऊन बसण्याआधी मोबाइलवर गाडी कुठवर आली ते बघा आणि हॉटेलची खोली रात्रीपर्यंत ठेवा.

निघालोय
परतीची गाडी दिल्लीकडूनच येते. खोलीचं डोक्यातच आलं नव्हतं, रविवारची रात्रही धरून बुक करतो. हॉटेल कुठे, हे मात्र अजून कुणीच सांगितलं नाही.

माळरान
स्टेशनजवळ घ्या. गाडी उशिरा आली तरी खोलीवरून पाच-दहा मिनिटांत फलाटावर याल. लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा, फोटो बघून ठरवू नका.

निघालोय
ठीक. शनिवारी किल्ला आणि उतरताना शून्य, संध्याकाळी तानसेन. रविवारी जयविलास आणि समाधी. त्या शिलालेखातल्या २७० ची ओळ दाखवणारा फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका, मुलीला आधीच दाखवून ठेवतो.

बखरवाचक
माझ्याकडे आहे, रात्री टाकतो. ओळीवर खूण करून.