मदत हवी आहे: १९७९ ची आमसभा, कंपुचियाची खुर्ची आणि भारताची बाजू

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदा मुलांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र सभेला सप्टेंबर १९७९ ची आमसभा हा विषय आलाय आणि माझ्या गटाच्या वाट्याला भारत. एका मुद्द्यावर गाडी अडलीय, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजांनी कंपुचियाची (म्हणजे आताच्या कंबोडियाची) राजधानी नॉम पेन्ह घेतली, तिथल्या ख्मेर रूज राजवटीचा प्रमुख पोल पॉट थायलंडच्या सरहद्दीकडे पळाला आणि राजधानीत हेंग सामरिन यांचं सरकार बसलं. सप्टेंबरात न्यूयॉर्कला प्रश्न आला की कंपुचियाच्या खुर्चीवर बसायचं कोणी? शिष्टमंडळांची अधिकारपत्रं तपासणाऱ्या क्रेडेन्शियल्स कमिटीत नऊ देश. चीन, अमेरिका, बेल्जियम, इक्वेडोर, पाकिस्तान आणि सेनेगल यांनी पोल पॉटच्या शिष्टमंडळाची अधिकारपत्रं मान्य केली. सोव्हिएत युनियन, पनामा आणि काँगो विरोधात गेले. आमसभेतही तेच झालं: बाजूने ७१, विरोधात ३५, तटस्थ ३४.

हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, ज्यांनी पंधरा-वीस लाख माणसं मारली, त्यांच्या बाजूने एवढे देश कसे?" मी म्हटलं, बऱ्याच देशांचं मत पोल पॉटला नव्हतं, परक्या फौजेने बसवलेलं सरकार चालवून घ्यायचं नाही या तत्त्वाला होतं. ते खरंच आहे. पण त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही आणि माझंही होत नाही. राजधानी हातात नाही, लोकांवर असा अत्याचार केलेला, आणि तरी त्याच लोकांच्या नावाने बोलायचा हक्क यांनाच!

भारताची तेव्हाची सूचना होती की खुर्ची रिकामी ठेवा. त्याच महिन्यात हवानाच्या अलिप्त राष्ट्र परिषदेत तसंच झालं होतं. मला ही भूमिका मनापासून पटते, पण मुलांना ती नियमांच्या भाषेत मांडायची आहे. रिकाम्या खुर्चीला काही आधार किंवा पूर्वीचं उदाहरण आहे का? आणि "म्हणजे तुम्ही हेंग सामरिनना मान्यता दिलीत" असं समोरच्यांनी म्हटलं तर काय सांगायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण मुलं तिथेच घसरतील. हेंग सामरिन सरकारला भारताने मान्यता दिली जुलै १९८० मध्ये, इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर. सप्टेंबर १९७९ मध्ये दिल्लीत चरणसिंगांचं काळजीवाहू सरकार होतं आणि आपण दोघांपैकी कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती. तेव्हा मुलांनी "आम्ही कोणालाच बसवत नाही" एवढंच ठामपणे म्हणावं. हेंग सामरिन यांची तरफदारी करायला गेले तर त्यांची तारीख चुकेल.

मान्यता आणि खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पक्कं करून घ्या. मान्यता प्रत्येक देश आपापली देतो. खुर्चीचा निर्णय आमसभा करते. यावर आमसभेचाच डिसेंबर १९५० चा ठराव आहे, क्रमांक ३९६. एका देशासाठी दोन सत्ता दावा करत असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची उद्दिष्टं आणि तत्त्वं आणि त्या-त्या वेळची परिस्थिती पाहून विचार करावा, असं तो म्हणतो. शिवाय आमसभेच्या भूमिकेमुळे सदस्य देशांच्या त्या देशाशी असलेल्या थेट संबंधांवर आपोआप परिणाम होत नाही, हेही त्यात आहे. तुमच्या मुलांचं खरं शस्त्र हाच ठराव. सनदेच्या तत्त्वांत मानवी हक्क येतात, म्हणून पोल पॉट बाद. दुसऱ्या देशावर बळाचा वापर नको हेही येतं, म्हणून व्हिएतनामने बसवलेलं सरकारही बाद. मग उरते रिकामी खुर्ची.

जुनी उदाहरणं दोन. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीच्या अधिकारपत्रांवर आमसभेने कितीतरी वर्षं निर्णयच घेतला नाही. शिष्टमंडळ बसत होतं, पण तात्पुरतं. १९७४ मध्ये तर आमसभेने दक्षिण आफ्रिकेची अधिकारपत्रं नाकारली, आणि आमसभेचे अध्यक्ष बुतफ्लिका यांनी त्या शिष्टमंडळाला कामकाजात भाग घेता येणार नाही असा निर्णय दिला. तो ९१ विरुद्ध २२ मतांनी टिकला. तिथे प्रतिस्पर्धी सरकार नव्हतं, हे समोरचे लगेच दाखवतील. त्यावर म्हणावं की सदस्यत्व कायम ठेवूनही शिष्टमंडळाला बाहेर ठेवता येतं, एवढंच आम्हाला सिद्ध करायचंय.

धागाकर्ती:

फार मोठी मदत झाली, मनापासून आभार. एका ठरावातून दोघांनाही बाद करायचं हे सुचलंच नव्हतं. पोल पॉटच्या गटाकडे ही खुर्ची शेवटपर्यंत राहिली का? मुलं विचारणार.

प्रतिसाद:

१९८२ मध्ये माजी राजे सिहानूक आणि माजी पंतप्रधान सोन सान यांना बरोबर घेऊन आघाडी सरकार झालं आणि खुर्ची त्या आघाडीच्या नावावर गेली. ख्मेर रूज त्यात होतेच. ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस कराराने तो तिढा सुटला. आणि १९९७ मध्ये हुन सेन यांनी आपले सहपंतप्रधान रणरिद्ध यांना सत्तेबाहेर काढलं, दोघांनीही दावा केला, तेव्हा क्रेडेन्शियल्स कमिटीने निर्णय पुढे ढकलला आणि त्या अधिवेशनात कंबोडियाची खुर्ची खरोखरच रिकामी राहिली. तुमची सभा १९७९ ची असल्याने हे उदाहरण तिथे देता येणार नाही, पण त्या मुलीला वर्गात जरूर सांगा.