वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवली, तर मुलीला नेमके काय शिकवावे?

प्रश्न (एक आई, पुणे):
माझ्या थोरल्या मुलीला मागच्या महिन्यात पक्के लायसन मिळाले आणि ती स्कूटरने कॉलेजला जाऊ लागली. गेल्या मंगळवारी सिग्नल लाल झाला तेव्हा तिची गाडी थेट झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबली आणि वाहतूक पोलिसांनी तिला बाजूला घेतले. चूक तिचीच होती, हे तिलाही मान्य आहे. पण हवालदारांनी लायसन मागताच ती गांगरली, ‘सगळेच पुढे उभे राहतात, मलाच का?’ असे बोलून गेली, मग रडू लागली आणि शेवटी मला फोन लावून तिने तो सरळ त्यांच्या हातात दिला. मीही घाबरून म्हणाले, ‘साहेब, काय असेल ते घ्या आणि सोडा तिला.’ त्यांनी तसे काहीही न घेता रीतसर चलान केले, पण माझेच ते वाक्य तेव्हापासून मला टोचते आहे. अशा वेळी कसे वागावे, काय बोलावे आणि कोणत्या गोष्टीवर ठाम राहावे, हे मुलीला नीट समजावून सांगण्याची माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त वाहतूक हवालदार):
ताई, मी अनेक वर्षे चौकात उभा राहिलो आहे, म्हणून आमच्या बाजूने काय दिसते ते आधी सांगतो. हात दाखवल्यावर गाडी चालवणाऱ्याने वेग वाढवला, तर त्याच्याही आणि आमच्याही जिवाला धोका असतो. म्हणून इंडिकेटर देऊन, मागचा आरसा पाहून, गाडी शांतपणे डाव्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचे आणि हेल्मेटची काच वर करून बोलायचे. काच खाली ठेवून उत्तर देणाऱ्याचा अर्धा शब्द आम्हाला ऐकूच येत नाही, मग तो ओरडतो, मग आमचाही आवाज चढतो, आणि वाद तिथून सुरू होतो.

दुसरे म्हणजे पहिले वाक्य. ‘साहेब, माझे काय चुकले?’ एवढे विचारणे पुरेसे आहे. ‘मलाच का?’ हा प्रश्न तुमच्या मुलीने मनापासून विचारला असेल, पण भर दुपारी तो दिवसातून पन्नास वेळा ऐकणाऱ्या माणसाकडे त्याचे उत्तर नसते. रडू आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दोन मिनिटे मागून घ्यावीत, पाणी प्यावे. मात्र फोन आमच्या हातात देऊ नये. पलीकडे कोण बोलत आहे ते आम्हाला ठाऊक नसते, आणि बहुतेक वेळा तो ओळख सांगण्याचा प्रयत्न आहे असेच वाटते.

उत्तर २ (वकील, पुणे):
कायद्याची बाजू मी मांडतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 130 प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन दाखवणे बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधील कागदपत्रे 2018 पासून केंद्रीय नियमांनुसार ग्राह्य आहेत. मात्र गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हा फरक मुलीला आजच दाखवून द्या. लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी या चारही गोष्टी हाताशी असाव्यात, आणि फोनची बॅटरी संपू शकते म्हणून मूळ लायसन पाकिटात असणे केव्हाही चांगले.

पोलिसांनी लायसन जप्त केले, तर कलम 206 प्रमाणे त्याची तात्पुरती पोच देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि लायसन परत मिळेपर्यंत किंवा पोचीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर, त्या पोचीवर गाडी चालवता येते. ती पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नये. लायसन किंवा आरसी नसल्यास कलम 207 प्रमाणे वाहन ताब्यात घेतले जाऊ शकते, पण चालू गाडीची चावी हिसकावून घेण्याचा अधिकार मला तरी या कायद्यात कुठे दिसलेला नाही. तसे घडल्यास चावीवरून झटापट करू नका. अंगावरील नावपट्टी, वेळ आणि चौक लक्षात ठेवून नंतर लेखी तक्रार करा. अंगाला हात लागला की चूक कोणाची हा मुद्दा मागे पडतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली लोकसेवकावर हल्ल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

चलान चुकीचे वाटले, तर तिथेच मिटवण्याचा हट्ट धरू नये. नम्रपणे ‘मला हे मान्य नाही’ असे सांगून निघावे आणि राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर पुराव्यासह हरकत नोंदवावी. त्याने समाधान झाले नाही, तर न्यायालयाचा मार्ग खुला असतोच.

उत्तर ३ (रोज दुचाकीने प्रवास करणारा, ठाणे):
ताई, तुम्हाला टोचणारे ते वाक्य मी दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आणले होते. मी एकेरी रस्त्यात उलटा शिरलो होतो, कार्यालयात पोहोचायला उशीर होत होता, आणि समोरून ‘पावती करायची की कसे?’ असा सूचक प्रश्न आला. मी दोनशेची नोट घडी करून लायसनखाली सरकवली. संध्याकाळी मुलाने विचारले, ‘बाबा, पावती कुठे आहे?’ आणि मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी ठरवले की दंड कितीही असो, मशीनवर चलान केल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. ‘साहेब, चलान करा, मी भरतो,’ हे वाक्य शांतपणे म्हटले की चिरीमिरीची भाषा बहुतेक वेळा तिथेच थांबते.

उत्तर ४ (वकील, पुणे):
वरील अनुभवाला एक जोड द्यावीशी वाटते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक मुलीच्या फोनमध्ये जतन करून ठेवा.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघींनी बसून डिजिलॉकरवर तिचे लायसन आणले. स्कूटर माझ्या यजमानांच्या नावावर आहे, म्हणून गाडीचा क्रमांक टाकून प्रलंबित चलाने पाहिली, तेव्हा त्यांच्याच काळातील दोन जुनी निघाली. आरटीओकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद पडल्यामुळे त्यांचे संदेश कधी आलेच नव्हते. आज ती दोन्ही भरली आणि क्रमांक बदलण्याचा अर्जही केला. मुलीने गाडी पट्ट्यांवर नेल्याबद्दलचा दंड मात्र ती स्वतःच्या शिष्यवृत्तीच्या पैशांतून भरणार म्हणते, आणि मी तिला अडवलेले नाही.